‘चार सांगजा, बाई सोडते’

आमच्या खोलीत ‘शाब्बास’ म्हणायला बंदी आहे. दाराच्या आतल्या बाजूला मी स्वतः तसा कागद चिकटवला आहे, मराठीत, तेलुगूत आणि हिंदीत. नव्यानं शिकायला आलेल्या मुली तो वाचतात आणि एकमेकींकडे बघतात. त्यांना वाटतं, मॅडम कडक आहेत. मी कडक आहेच, पण कागद त्यासाठी नाही. तो माझ्या एका चुकीचा कागद आहे आणि ती चूक आज इथे लिहून टाकते.

आधी काम सांगते, नाहीतर चूक कळणार नाही.

आदिलाबादच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं ऑप्टोमेट्रिस्ट आहे. चष्म्याचे नंबर पुढच्या खोलीत निघतात. मागच्या लांबट खोलीत माझ्याकडे तिरळे डोळे असलेले पेशंट येतात. त्यांना प्रत्येक डोळ्यानं किती दिसतं हे पुढच्या खोलीत तपासून झालेलं असतं. मला पाहायचं असतं ते एवढंच, की दोन्ही डोळे जोडीनं काम करतात की नाही.

आपले दोन डोळे दोन किंचित वेगळी चित्रं पाहतात आणि मेंदू ती एकावर एक बसवतो. त्यातूनच सुईत दोरा ओवता येतो आणि जिन्याची शेवटची पायरी पायाला बरोबर सापडते. डोळे दोन दिशांना गेले की ही चित्रं एकमेकांवर बसत नाहीत. मोठ्या माणसाला हे अचानक झालं तर त्याला एकाची दोन दिसतात. लहान मुलाचा मेंदू मात्र वाट काढतो. तो एका डोळ्याचं चित्र चक्क बंद करतो. मुलाला त्रास होत नाही, म्हणून घरच्यांनाही काही कळत नाही. पण बंद केलेलं फार दिवस बंदच राहिलं, तर पुढे डोळे सरळ केले तरी जोडी परत जमेलच असं नाही. त्यामुळे आमच्याकडे वेळेला महत्त्व आहे.

हे तपासायला माझ्याकडे बरीच सामग्री आहे, पण मुख्य म्हणजे चार दिव्यांची पेटी. खोलीच्या पलीकडच्या भिंतीवर ती टांगलेली असते. वर एक लाल दिवा, दोन बाजूंना दोन हिरवे, खाली एक पांढरा. पेशंटला चष्मा घालायचा, उजव्या डोळ्यावर लाल काच, डाव्यावर हिरवी. लाल काचेतून दोनच दिवे दिसतात, दोन्ही लाल. हिरव्या काचेतून तीन दिसतात, तिन्ही हिरवे. मेंदू दोन्ही चित्रं जोडत असेल तर माणूस चार म्हणतो. डाव्या डोळ्याचं चित्र बंद असेल तर दोन, उजव्याचं बंद असेल तर तीन. दोन्ही चालू आहेत पण जोडी जमलेली नाही, तर पाच. तसाच एक छोटा चार दिव्यांचा टॉर्च जवळून दाखवायला असतो. ‘किती दिवे?’, ‘एन्नि लैट्लु?’, ‘कितने लाइट?’ असं दिवसभर विचारणं हाच माझा धंदा.

दुसरं एक माशीचं पुस्तक आहे. खास चष्मा लावून पाहिलं की कोंबडीच्या पिल्लाएवढी माशी पानातून वर उठून आल्यासारखी दिसते. ज्याची जोडी शाबूत, तो पंख धरायला बोटं हवेत नेतो. ज्याची नाही, तो कागदाला बोट टेकवतो. पंचफुलाबाई नावाच्या एका भाजीवालीनं माशी पाहिली आणि पदराचा असा फटका हाणला की पुस्तक टेबलाखाली. “काय बाप्पा मॅडम, दवाखान्यात एवढाल्या माशा! फिनाईल नाई टाकत का तुमी?” मी वहीत लिहिलं, अंतराची जाण उत्तम.

मंचेरियलकडचा एक डंपर चालवणारा डोक्याला मार लागल्यावर महिन्यानं आला होता. म्हणाला, “मॅडम, रोड दो-दो दिखते.” मी विचारलं, “फिर गाड़ी कौनसे पे चलाते?” तो म्हणाला, “जिसपे गड्ढे कम है.” मला हसू आलं आणि पाठोपाठ घाम फुटला. डोळे जुळून येईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी त्याच्याकडून कबूल करून घेतलं आणि मी ते त्याच्या बायकोकडूनही कबूल करून घेतलं.

अशी माणसं आली की काम सोपं. जे दिसतं ते बोलून मोकळी होतात. गडबड होते ती परीक्षा आहे असं समजून येणाऱ्यांची. आणि आमच्याकडे परीक्षा आहे असा समज पसरवला तो मीच.

त्याचं असं झालं. बाकावर तासभर बसून कंटाळलेल्या मुलांना आत आणून दिव्यांकडे बघायला लावायचं, तर थोडं गोंजारावं लागतं. मूल चार म्हणालं की मी मोठ्यानं ‘शाब्बास!’ म्हणायची. दोन किंवा तीन म्हणालं की माझ्या तोंडून नुसतं ‘हं’ निघायचं. मला हा फरक जाणवतही नव्हता. पण खोलीला तेव्हा दाराऐवजी कापडी पडदा होता, आणि पडद्याला लागूनच बाक होता.

गेल्या वर्षी कापूस बाजारात यायला लागला होता तेव्हा बेल्याकडच्या एका खेड्यातून वर्षा मॅडम आल्या. मराठी शाळेत शिक्षिका. सोबत आठ वर्षांची मुलगी समीक्षा, म्हणजे समी, आणि मोटारसायकलवर दोघींना घेऊन आलेले वर्षा मॅडमचे वडील. आजोबांनी आत येताच “जयभीम, मॅडम” म्हणून टोपी काढून मांडीवर ठेवली.

वर्षा मॅडमचा डावा डोळा कायमचा बाहेरच्या बाजूला गेलेला होता. त्या स्वतःच म्हणाल्या, “माझ्याकडे नका पाहू, मॅडम, माझं होऊन गेलं. वर्गात मी नुसतं ‘तू उठ’ म्हटलं का दोन पोरं उठतात. एक ज्याला मी पाहते तो, आन एक ज्याला वाटते का मी त्यालेच पाहून राह्यली. म्हणून पहिल्या दिवशीच सगळ्यांची नावं पाठ करून टाकते.”

आजोबा हळूच म्हणाले, “माही माय म्हणे, डोळा नशिबाचा हाये, राहू द्या. आमीनं राहू देला. चुकलंच आमचं.”

“आता समीचं तसं होऊन राह्यलं का, ते बघा,” वर्षा मॅडम म्हणाल्या. समीचा डावा डोळा दमल्यावर, लांब पाहताना बाहेर सरकत होता. उन्हात ती तो मिटून घ्यायची. शाळेच्या प्रत्येक फोटोत एक डोळा बंद. दवाखान्यात सकाळच्या वेळी मात्र दोन्ही डोळे जवळजवळ सरळ होते.

अशा मुलांत सगळं या जोडीवर ठरतं. लांबचे दिवे चार दिसत असतील तर जोडी टिकून आहे, थोडं थांबता येतं. दोन दिसायला लागले असतील तर मेंदूनं डावं चित्र बंद करायला सुरुवात केली आहे, आणि थांबण्यात तोटा आहे.

मी समीला चष्मा घातला. जवळच्या टॉर्चवर, “चार.” लांबच्या पेटीचं बटण दाबायला मी वळले आणि पाठीमागून आवाज आला, “चार!”

“शाब्बास!” मी म्हणाले. वहीत दोन्ही रकान्यांत चार लिहिले. चुणचुणीत मुलगी, असंही मनात म्हटलं. बटण दाबायच्या आधी तिला दिवे कसे दिसले, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही. बाहेर अजून बरेच पेशंट बसले होते आणि माझं दिवसाचं वेळापत्रक मागे पडत होतं.

डॉक्टरांनी माझे आकडे पाहिले, डोळे पाहिले आणि सांगितलं, सध्या ऑपरेशनची घाई नको, उन्हाळ्याच्या सुट्टीत परत दाखवा. वर्षा मॅडमनी समीच्या डोक्यावरून हात फिरवला. तिघं खुशीत गेले.

माझी एक मोठी आडवी वही आहे. महिनाअखेरीला मी तिच्यातले रकाने मोजते. त्या महिन्यात लांबच्या दिव्यांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत चार, चार, चार. प्रामाणिकपणे सांगते, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. मग बोट नवव्या ओळीवर आलं. त्या माणसाचा डावा डोळा लहानपणापासून जवळजवळ आंधळा होता. त्यालाही चार दिसले होते.

मी पाणी प्यायला म्हणून उठले. पडद्याजवळ पोचले तेव्हा बाहेरच्या बाकावर एक म्हातारबुवा शेजारच्या बाईला समजावत होते. “काई नाई वं, सोपं हाये. लाल-हिरवा चष्मा लावते आन दिवे मोजाले सांगते. तू चार सांगजो. चार म्हटलं का शाब्बास म्हणते आन सोडते. माह्या भाच्यानं खरं सांगितलं, तर त्याले तासभर धरून ठेवलं.”

बाईनं विचारलं, “आन तेलुगूत इचारलं तं?”

“तं नालुगु म्हण. हिशेब तोच.”

मी पडद्याआड तशीच उभी राहिले. म्हातारबुवांची काही चूक नव्हती. त्यांचं निरीक्षण माझ्यापेक्षा पक्कं होतं.

वही घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. ते वरंगलकडचे, माझ्याशी हिंदीत बोलतात. “सर, इस महिने के चार पे भरोसा मत कीजिए. गलती मेरी है.” सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, पण हसलेही नाहीत. “कितने पेशंट को हमने इसपे रुकाया?” मी यादी आधीच काढली होती. इतरांचे निर्णय दुसऱ्या तपासण्यांवर झालेले होते, त्यांचा आकडा फक्त दुरुस्त करायचा होता. या चारच्या भरवशावर थांबवलेलं नाव एकच होतं.

मी फोन लावला. “वर्षा मॅडम, समीला परत आणावं लागेल.”

“काऊन? पास झाली ना ते?”

“पास झाली म्हणूनच बोलावते आहे.”

पलीकडे शाळेचा गलका ऐकू येत होता. मग तो कमी झाला. त्या वर्गाबाहेर आल्या असाव्यात. “मॅडम,” त्या म्हणाल्या, “ते मीच सांगितलं होतं तिले. बाकावर ऐकलं होतं. मी म्हटलं, ‘विचारलं का चार सांगायचं, घाबरायचं नाही.’ मी पोरांना परीक्षेत नक्कल करू देत नाही, आन माझ्याच पोरीला...” मग म्हणाल्या, “मी लहानपणी प्रत्येक डोळे तपासणीत नापास झाली. तिनं एकदा तरी पास व्हावं वाटलं.”

मीही माझी चूक सांगितली, माझं शाब्बास, पडदा, बटण दाबायच्या आधीचं उत्तर. मग त्यांच्यातली मास्तरीण जागी झाली. “म्हणजे मॅडम, तुमचा पेपर फुटला. फुटलेला पेपर परत घेताना तोच प्रश्न नसतात देत.”

ही गोष्ट मला बावीस वर्षांत कुणी सांगितली नव्हती. रात्रीचा स्वयंपाक होईपर्यंत माझ्या डोक्यात तेच. आकडा विचारला की आकडा शिकवता येतो. मग आकडा विचारायचाच नाही. उत्तर माझ्याच टेबलावर होतं. फायलींवर खुणेसाठी मी टिकल्या वापरते, कपाळाला लावतात त्याच, घाईच्या फाईलला लाल, सवडीच्या फाईलला हिरवी. बाजारात पाकिटं स्वस्त मिळतात आणि चिकटतात चांगल्या.

समी आली त्या दिवशी मी तिच्या हातात कोरा कागद आणि टिकल्यांची दोन पाकिटं दिली. मुद्दाम दुपारची वेळ दिली होती, शाळेनंतर दमलेली असताना. “तिकडे बघ. जसं दिसतं तसंच या कागदावर चिकटव. चष्म्यातून टिकलीचा रंग कळणार नाही, म्हणून आधी बघ, मग चष्मा वर कर, मग चिकटव. पुन्हा बघायचं असेल तर खुशाल बघ.” वर्षा मॅडमना मी भिंतीकडे तोंड करून बसवलं.

जवळच्या टॉर्चचा कागद झाला, चार टिकल्या, जागच्या जागी. मग लांबची पेटी. समीनं पाहिलं, चष्मा वर केला, एक लाल टिकली लावली. पुन्हा पाहिलं. तिच्याखाली दुसरी लाल लावली. तिसऱ्यांदा पाहिलं, बराच वेळ. मग तिचा हात हिरव्या पाकिटावर गेला आणि तिथंच थांबला.

“आई,” ती म्हणाली, “अजून लावू?”

वर्षा मॅडमची पाठ माझ्याकडे होती. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलेलं मला दिसत होतं. त्यांनी वळून पाहिलं नाही. “जेवढं दिसते तेवढंच लाव, बाळा.”

समीनं हिरवं पाकीट खाली ठेवलं.

“बरं,” मी म्हणाले. तेव्हापासून आमच्या खोलीत प्रत्येक उत्तराला, दोन असो की पाच, याच आवाजात ‘बरं’ म्हणतात.

दोन लाल टिकल्यांचा तो कागद घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दूरच्या बाकीच्या तपासण्या पुन्हा केल्या आणि सांगितलं की ऑपरेशन सुट्टीपर्यंत लांबवू नये. जवळची जोडी शाबूत आहे, म्हणजे आशा चांगली आहे. आजोबांनी फक्त विचारलं, “या वेळी येळेवर आलो ना आमी?” डॉक्टर मोडक्या मराठीत म्हणाले, “वेळेवर आला.”

ऑपरेशन ठीक झालं. ते डॉक्टरांचं काम, त्यावर मी लिहिणार नाही. माझं काम त्यानंतर सुरू होतं. पहिल्या तपासणीला समीनं कागदावर पाच टिकल्या लावल्या, एकीकडे दोन लाल, दुसरीकडे तीन हिरव्या, आणि रडकुंडीला आली. “मॅडम, मले दोन-दोन आया दिसून राह्यल्या.” वर्षा मॅडम पांढऱ्या पडल्या. मी त्यांना खुर्चीत बसवलं. या ऑपरेशनमध्ये डोळा सुरुवातीला थोडा आत ठेवतात, काही दिवस दोन-दोन दिसणं अपेक्षित असतं. आणि पाच म्हणजे डावा डोळा जागा आहे, त्याचं चित्र मेंदू आता बंद करत नाही. जोडी जमायची बाकी आहे, पण जमायला आता दोघं आहेत. हे सांगताना माझा आवाज खूप शांत होता. आतून मी रोज कॅलेंडर पाहत होते, कारण पाचाचे चार प्रत्येकाचे होतातच असं नाही.

पुढच्या आठवड्यात पाच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही पाच, पण टिकल्या जवळ सरकलेल्या. मी तिन्ही कागद तारखा टाकून फाईलला लावले.

चौथ्या वेळी तिघं आले. वर्षा मॅडम आपणहून भिंतीकडे तोंड करून बसल्या. समीनं पेटीकडे पाहिलं, चष्मा वर केला आणि वर एक लाल टिकली लावली. मग बाजूंना दोन हिरव्या. मग ती थांबली. पाहिलं, चष्मा वर, पुन्हा पाहिलं. एका हातात लाल पाकीट, दुसऱ्यात हिरवं.

“मॅडम, खालची गंमतच करते. एकदा लाल दिसते, एकदा हिरवी. कोणती लावू?”

खालचा दिवा पांढरा. लाल काचेतला डोळा त्याला लाल म्हणतो, हिरव्या काचेतला हिरवा. दोन्ही डोळे जोडीनं पाहत असतील तरच त्याचा रंग असा दोघांत हेलकावे खातो. हे बाकावर कुणी कुणाला शिकवू शकत नाही, कारण बाकावरच्या कुणाला हे माहीतच नाही.

“तुला दिसतं तसं,” मी म्हणाले.

तिनं विचार केला. मग हिरवी टिकली लावली आणि लाल टिकली दातानं अर्धी तोडून तिच्यावर चिकटवली.

माझ्या तोंडाशी काय आलं होतं ते तुम्हाला कळलं असेल. ते मी गिळलं. “बरं,” म्हणाले, पण आवाज नेहमीसारखा निघाला नाही, कारण भिंतीकडे तोंड करून बसलेल्या वर्षा मॅडम लगेच वळल्या. मी कागद त्यांच्यापुढे धरला. त्यांनी टिकल्या मोजल्या नाहीत. नुसतं शेवटच्या टिकलीवर बोट ठेवून बसून राहिल्या.

आता त्यांनी उन्हाळ्यासाठी स्वतःचंही नाव घातलं आहे. त्यांची जोडी परत येणार नाही, ते मी त्यांना स्पष्ट सांगितलं आहे. डोळा सरळ दिसेल. “तेवढं पुरे,” त्या म्हणाल्या, “एक पोरगं कमी उठलं तरी खूप झालं.”

नाव घालायला त्या डॉक्टरांकडे गेल्या तेव्हा समी बाहेर आजोबांजवळ बाकावर बसली होती. पडद्याच्या जागी आता दार आहे, पण ते नीट लागत नाही. शेजारी कुणीतरी नवे म्हातारबुवा होते. त्यांनी तिला हळूच विचारलं, “पोरी, आत काय सांगाचं असते वं?”

“दिसते तेच सांगजा,” समी म्हणाली.

म्हातारबुवा जरा विचारात पडले. “मंग सोडते का बाई?”

मी आतून पुढचं नाव पुकारलं.